संकलन आणि पंक्तिप्रपंच

हल्लीं महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना जीं कामें नेमून देण्यांत येतात, त्यांत 'गटप्रकल्प' या प्रकाराला बरेंच महत्त्व आलें आहे. चार-पांच मुलामुलींनीं मिळून एक काम हातीं घ्यावें, तें ठरलेल्या मुदतींत पुरें करावें, आणि मिळतील ते गुण सर्वांनीं सारखे घ्यावे, असा त्याचा सामान्य प्रघात. विज्ञानाचे विद्यार्थी पाण्याचे नमुने तपासतात, वाणिज्याचे बाजाराची पाहणी करतात. आणि ज्यांचा विषय प्रसारमाध्यमांचा, ते एखाद्या गाण्याचा व्हिडिओ तयार करतात. पहिल्या दोन कामांबद्दल घरांतील वडील मंडळींची तक्रार नसते. तिसऱ्याचें नांव निघालें कीं मात्र कपाळाला आठ्या पडतात. मुलगा रात्रीं अकरा वाजेपर्यंत संगणकासमोर बसून एकाच गाण्याची एकच ओळ पन्नास वेळां ऐकत आहे, हें पाहून आजोबांनीं 'यालाच का अभ्यास म्हणावयाचें?' असें विचारावें, हें स्वाभाविक आहे. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. त्याचें सरळ उत्तर देण्याचा यत्न या महिन्यांत करावा, असें योजिलें आहे.

गाण्याला दृश्याची जोड देण्याची कल्पना आपणांस मुळींच परकी नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हटलें आहे. अर्थात् संगीत हा कानांप्रमाणें डोळ्यांचाहि विषय आहे, हें त्या काळींच मान्य झालें होतें. पुढें १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुक्यानेंच पडद्यावर आला. १९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं आणि गाऊं लागला. आणि १९७२ सालीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर चित्रासह गाणें घराच्या ओटीवर येऊन बसलें. आज आमच्या खानदेशांत अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ लग्नाच्या मांडवापासून एस. टी.च्या थांब्यापर्यंत सर्वत्र पाहिले जातात. तेव्हां जी गोष्ट घरोघर पाहिली जाते, ती नीट कशी करावी हें कोणीतरी शिकलें पाहिजे, एवढें तरी कबूल करावें लागेल.

चित्रण संपलें म्हणजे काम संपलें, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. वस्तुतः तेव्हां कोठें अर्धें काम झालेलें असतें. साडेतीन मिनिटांच्या गाण्यासाठीं मुलें दोन-तीन तासांचें चित्रण करून आणतात. सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर साडेतीन मिनिटांत पांच हजार दोनशें पन्नास चौकटी बसतात. बाकीच्या सर्व टाकाव्या लागतात. कोणत्या ठेवावयाच्या, कोणत्या टाकावयाच्या, आणि ठेवलेल्यांचा क्रम काय लावावयाचा, हें ठरविण्याला संकलन म्हणतात. पूर्वीं हें काम खरोखरीच्या कात्रीनें होत असे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटांत सोळा चौकटी मावत आणि सेकंदाला चोवीस चौकटी पडद्यावरून सरकत. म्हणजे मिनिटाला बरोबर नव्वद फूट. गाण्याची लय मिनिटाला नव्वद मात्रांची असली, तर एका मात्रेला नेमकी एक फूट फिल्म लागे, आणि त्या एका फुटांत सोळा चौकटी! त्रितालाच्या सोळा मात्रा ज्यांच्या बोटांवर आहेत, त्यांना या योगायोगाची मौज वाटेल. तात्पर्य, संकलनाचें गणित तालाच्या गणिताहून फारसें निराळें नाहीं.

तथापि गणित जमलें म्हणजे संकलन जमलें असें नव्हे. नवशिके विद्यार्थी प्रत्येक मात्रेवर चित्र बदलतात. पहिल्या अर्ध्या मिनिटांत त्याची गंमत वाटते. पुढें डोळे शिणतात, आणि कोणताहि चेहरा मनांत ठरत नाहीं. प्रत्येक शब्दावर टाळी वाजविणाऱ्या श्रोत्याला आपण रसिक म्हणत नाहीं. तो समेची वाट पाहूं शकत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. काश्मीरच्या क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत 'औचित्यविचारचर्चा' लिहून काव्याचा प्राण औचित्यांत आहे असें प्रतिपादन केलें. संकलनाच्या खोलींत त्या एका शब्दाइतका उपयोगी पडणारा दुसरा शब्द प्रस्तुत लेखकास तरी ठाऊक नाहीं.

आतां एक प्रत्यक्ष हकीकत सांगतों. ती मला गटांतील एका मुलीच्या आजोबांकडून समजली. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांतील पांच विद्यार्थ्यांना गाण्याचा व्हिडिओ करावयास सांगण्यांत आलें होतें. चौघे शहरवस्तींतील होते आणि पांचवा अक्राणी तालुक्यांतील एका पावरा कुटुंबांतला. होळीचे दिवस जवळ आले होते. अक्कलकुवा तालुक्यांतील काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध असून ती पाहण्यास दूरदूरचे लोक कॅमेरे घेऊन येतात. या मुलांनीं मात्र पांचव्या मित्राच्या लहानशा पाड्यावरची होळी निवडली. त्याची आजी होळीचीं गाणीं सुरेख म्हणते, हें त्यांच्या कानांवर आलें होतें. शिक्षकांसह सर्वजण सातपुड्यांत गेले. दिवसां अंगणांत बसवून आजीचें गाणें ध्वनिमुद्रित केलें. रात्रीं ढोलाच्या नादावर चाललेलें नृत्य, मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगूर आणि होळीच्या उजेडांत उजळलेले चेहरे टिपले. आणि परत आले.

पहिली अडचण यंत्राची आली. मोबाईलमधील कॅमेरा उजेड कमी पडला कीं सेकंदाला घ्यावयाच्या चौकटींची संख्या आपल्या आपण कमी-जास्त करतो. होळीच्या उजेडांत नेमकें तेंच झालें होतें. त्यामुळें आरंभीं ढोलावर पडणारी टिपरी आणि तिचा नाद एकत्र येत. दोन मिनिटांनंतर टिपरी एकीकडे आणि नाद भलतीकडे. यावर उपाय असा कीं, सर्व चित्रण प्रथम एकसारख्या गतीच्या चौकटींत रूपांतरित करून घ्यावें, आणि चित्रणाच्या आरंभीं कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ठेवावी. म्हणजे टाळीचें चित्र आणि टाळीचा आवाज जुळवितां येतो व मागचें सारें आपोआप बसतें. हें शोधून काढण्यांत मुलांचे दोन दिवस गेले. आजोबांनीं ज्या रात्रीं ती एकच ओळ पन्नास वेळां ऐकली असेल, ती बहुधा अशाच प्रकारची रात्र असावी.

दुसरी अडचण अधिक खोल होती. गाणें सहा मिनिटांचें आणि मर्यादा साडेतीन मिनिटांची. ज्याच्या घरीं चांगला संगणक होता, तो मुलगा साहजिकच संकलक झाला. त्यानें सूर आणि ठेका यांना धक्का न लावतां गाणें मोठ्या हुशारीनें आखूड केलें. ऐकणाराला जोड कळूं नये इतकें तें सफाईदार होतें. परंतु पावरी बोली त्याला येत नव्हती. एका ओळीचा पूर्वार्ध आणि भलत्याच ओळीचा उत्तरार्ध एकत्र येऊन त्यांतून कांहींच अर्थ निघेनासा झाला होता. पांचवा विद्यार्थी तें ऐकून गप्प बसला. चौघांना तें आवडलें होतें, आणि आपल्याच आजीच्या गाण्याबद्दल हट्ट धरावा, हें त्याला संकोचाचें वाटलें.

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरां'तील सातवाहन राजाची गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. जलक्रीडेंत थकलेली राणी 'मोदकैः' म्हणाली. तिच्या मनांत 'मा उदकैः', म्हणजे पाणी नको, असें होतें. राजाला संधि कळला नाहीं आणि त्यानें मोदक मागविले. राजा लज्जित झाला, व्याकरण शिकला, आणि गोष्ट सुखान्त झाली. त्या राजाजवळ निदान हंसणारी राणी तरी होती. आमच्या या गटांत चूक ओळखणारा एकच होता आणि तोच मुका झाला होता. जोड कितीहि बेमालूम असला तरी दोन्ही बाजूंचा अर्थ ज्याला कळत नाहीं त्यानें जोड देऊं नये, हा नियम संस्कृताच्या पहिल्या इयत्तेइतकाच संकलनालाहि लागू आहे.

गप्प बसण्याचें आणखी एक कारण होतें. या पहिल्या प्रतींत आजीचा आवाज साडेतीन मिनिटें अखंड होता. आजीचें मुखदर्शन मात्र अवघे दोन सेकंद. तिच्या जागीं तरुण नर्तक, मोरपिसें आणि सातपुड्यावरचा सूर्योदय आला होता. शिवाय दारूच्या अमलाखालीं कुंपणाशीं पडलेल्या एका मनुष्याचें चित्र मौज म्हणून मध्यें घातलें होतें, आणि तें नेमकें आजीच्या हंसऱ्या चेहऱ्यानंतर आलें होतें. रशियांत लेव्ह कुलेशोव्ह यांनीं १९२० च्या सुमारास एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनीं एकदां अन्नाच्या वाटीशेजारीं, एकदां शवपेटीशेजारीं जोडून दाखविला. आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदां भूक, एकदां दुःख दिसलें. चित्राचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावरून ठरतो, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. आजी हंसली होती ती नातवाकडे पाहून. व्हिडिओंत ती त्या पडलेल्या मनुष्याला हंसत होती. कोणीहि खोटें चित्र घेतलें नव्हतें. खोटेपणा जोडणींत शिरला होता.

आपल्या घरांत या दोषाला एक जुना शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंक्तींत बसलेल्या माणसांपैकीं एकाच्या पानावर तुपाची धार दोनदां आणि दुसऱ्याच्या पानाकडे वाढपी पाहतहि नाहीं, यासारखा गृहस्थाश्रमांत दोष नाहीं, असें आपणांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. ज्या आजीच्या गाण्यावर सारी पंगत बसली, तिचेंच पान रिकामें राहिलें होतें. येथें कोणी असें म्हणेल, कीं प्रत्येकाला सारखे सेकंद द्यावयाचे ठरविलें तर कलाकृति होणार नाहीं, हजेरीपट होईल. हें खरें आहे. पानावर मीठ चिमूटभर आणि भात मूदभर वाढतात. तेथें समान वजनाची अपेक्षा कोणी करीत नाहीं. परंतु मिठाची जागा ठरलेली असते आणि तें विसरलें तर यजमानाला अपराध्यासारखें होतें. औचित्य म्हणजे समान वांटा नव्हे. ज्याची जागा जेथें आहे तेथें त्याला बसविणें, हें औचित्य.

मौन मोडलें तें गटांतील मुलीनें. 'हें गाणें कोणाचें आहे, असें पाहणाराला विचारलें तर तो काय सांगेल?' एवढाच प्रश्न तिनें केला. पांचहि जणांनीं घड्याळ लावून सेकंद मोजले आणि सर्वजण स्तब्ध झाले. मग पांचवा बोलला. एकदां बोलूं लागल्यावर पुष्कळ बोलला. प्रत्येक ओळीचा अर्थ त्यानें कागदावर मराठींत उतरून दिला. तुटलेल्या ओळी पुन्हां अखंड झाल्या आणि त्यासाठीं एक संपूर्ण कडवें गाळण्यांत आलें. पडलेल्या मनुष्याचें चित्र काढून टाकण्यांत आलें. आणि गाण्याच्या मध्यावर आजीचा सुरकुतलेला चेहरा चौदा सेकंद, मध्यें कोठेंहि न कापतां, ठेवण्यांत आला. पुढें वर्गांत व्हिडिओ दाखविला तेव्हां सर्वांत शांतता याच चौदा सेकंदांत पसरली होती, असें सांगतात.

तत्पूर्वीं ती प्रत घेऊन पांचवा विद्यार्थी पाड्यावर जाऊन आला होता. कारण ज्याचें चित्र घेतलें त्यानें तें पाहिल्यावांचून प्रसिद्ध करूं नये, असें त्यांच्या शिक्षकांनीं बजावलें होतें. आजीनें मोबाईलच्या पडद्यावर सर्व पाहिलें आणि शेवटीं येणारी नांवें वाचून दाखवावयास सांगितलीं. स्वतःचें नांव ऐकून तिनें विचारलें, कीं हीं गाणीं जिनें मला शिकविलीं तिचें नांव कोठें आहे? ती बाई कधींच वारली होती. मुलांना तिचें नांवहि ठाऊक नव्हतें. त्या एका नांवासाठीं आणखी तीन सेकंद हवे होते आणि मर्यादा तर पुरी भरलेली. तेव्हां त्या संगणकवाल्या मुलानें, ज्यानें आरंभीं सर्व कात्री आपल्या हातीं घेतली होती, स्वतः टिपलेला आणि स्वतःला सर्वांत प्रिय असलेला सूर्योदय कापून तीन सेकंद मोकळे केले. त्याला तसें करावयास कोणी सांगितलें नव्हतें. पाठ्यपुस्तकांत या गोष्टीला गुण ठेवलेले नसतात. परंतु मुलाला महाविद्यालयांत पाठवून आपण ज्याची आशा करतों, तें याहून फार वेगळें नसतें.

येथें कायद्याचा थोडासा उल्लेख आवश्यक आहे. भारतांत प्रताधिकाराचा कायदा १९५७ सालचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें त्यांत गायक, वादक, नर्तक यांच्या प्रयोगावरील हक्कांनाहि मान्यता मिळाली. लोकगीताचा कर्ता ठाऊक नसला म्हणून तें गाणारी व्यक्ति हक्कशून्य ठरत नाहीं. त्याचप्रमाणें चित्रपटांतील लोकप्रिय गाणें घेतल्यास त्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवर निरनिराळ्यांचे हक्क असूं शकतात. वर्गांत दाखविणें ही एक गोष्ट आणि सर्व जगापुढें प्रसिद्ध करणें ही दुसरी. आपल्या घरांतील मुलांना हा भेद आधींच समजावून द्यावा. परवानगी मागणें हें कायद्याच्या भयानें करण्यापूर्वीं सौजन्यानें करण्याचें काम आहे.

आतां वडील मंडळींसाठीं दोन शब्द. गटप्रकल्पाची सर्वांत मोठी विकृति म्हणजे काम एकाचें आणि गुण पांचांचे. संगणक ज्याचा त्याच्यावर सर्व भार पडतो, आणि भाराबरोबर सर्व सत्ताहि त्याच्याकडे जाते. उरलेले चौघे आळशी तरी होतात किंवा मनांतल्या मनांत कुढतात. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना हें रहस्य नवें नाहीं. यावर अनुभवसिद्ध उपाय असा, कीं आरंभींच एक वही घालावी. कोणता तुकडा कोणी टिपला, तो कितव्या मिनिटाचा, त्यांत काय आहे, हें एकानें लिहावें. ध्वनि दुसऱ्यानें सांभाळावा. पहिली कच्ची प्रत सर्वांनीं एकत्र बसून पाहावी. कात्री एकाच्याच हातीं असावी, नाहीं तर काम कधींच पुरें होणार नाहीं. परंतु काय कापलें आणि कां कापलें, हें त्यानें सर्वांना सांगितलें पाहिजे. आणि सर्व चित्रणाच्या प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. एक यंत्र बिघडलें म्हणजे पांच जणांचे श्रम पाण्यांत जातात.

मुलींच्या बाबतींत थोडें अधिक स्पष्ट लिहितों. गटाची बैठक ज्याच्या घरीं संगणक त्याच्या घरीं भरते. आणि पुष्कळ घरांतून मुलीला तेथें जाण्याची मनाई होते, अगर सूर्यास्तापूर्वीं परत येण्याचा हुकूम होतो. काळजी रास्त आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो, कीं मुलगी कागदोपत्रीं गटांत राहते आणि निर्णय तिच्या पश्चात् होतात. त्यापेक्षां बैठक आपल्याच घरीं बोलवावी. माजघरांत पांच मुलें बसलीं तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि आजी-आजोबांनाहि त्यांचें काम पाहावयास मिळतें. वरील हकीकतींत त्या मुलीच्या घरच्यांनीं हेंच केलें होतें. म्हणूनच प्रश्न विचारावयास ती जागेवर होती. प्रभातच्या पुण्यांतील जागेंत १९६० सालीं चित्रपट-शिक्षणाची जी सरकारी संस्था निघाली, तेथें रेणू सलुजा संकलन शिकल्या. आणि 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' व 'गॉडमदर' या चार चित्रपटांच्या संकलनाबद्दल त्यांना राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. २००० सालीं त्या निवर्तल्या, तोंपर्यंत या कलेंतील त्यांचें स्थान निर्विवाद झालेलें होतें. गटांतील मुलीला केवळ वेषभूषेचें काम देणाऱ्या मुलांनीं आणि त्यांच्या पालकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

इंग्रजींत या कामाला कापणें या अर्थाच्या शब्दानेंहि ओळखतात. मराठींत संकलन, म्हणजे एकत्र गोळा करणें, हा शब्द रूढ झाला. आपला शब्द अधिक अवघड जबाबदारी सांगतो, असें मला वाटतें. टाकून देणें यंत्रालाहि जमतें. कोणाला आंत घ्यावयाचें, कोणाच्या शेजारीं बसवावयाचें आणि कोणाचें नांव विसरावयाचें नाहीं, हें ठरविण्यास माणूस लागतो. तेव्हां आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी रात्रीं एकच ओळ पुनःपुन्हां ऐकत बसलेली दिसली, तर दिवा मालवण्याची घाई करूं नये. जवळ जाऊन बसावें आणि एवढेंच विचारावें, कीं बाळ, यांत कोणाचें पान वाढावयाचें राहिलें आहे का?